तसबिरीचा हार

कोंडीराम गावाहून मुंबईला परत आला तेव्हा तो मेलेला होता. वॉर्डात ही गोष्ट सगळ्यांना माहीत होती, फक्त त्याला कुणी कळवली नव्हती.

भाऊच्या धक्क्यावर बोटीतून उतरून, डोक्यावर ट्रंक घेतलेली त्याची बायको चंपा पुढे आणि खांद्यावर फणस घेऊन लंगडत कोंडीराम मागे, अशी दोघं डिलाईल रोडच्या नाक्यावर पोचली. सत्तावन्नचा उन्हाळा होता. म्युन्सिपालटीच्या निवडणुकीचा हंगाम, त्यामुळे ज्या भिंतींना जन्मात चुना लागला नव्हता त्यांना आता घोषणा लागल्या होत्या. दौलतशेटच्या वाणसामानाच्या दुकानाला लागून मांडव घातला होता. मांडवात टेबल, टेबलावर उदबत्त्या, आणि उदबत्त्यांच्या मागे झेंडूचा जाडजूड हार घातलेली कोंडीरामची तसबीर.

चंपानं ट्रंक खाली ठेवली. "अवो, हो फोटो तुमचोच मां?"

फोटो त्याचाच होता. चाळीच्या भजनी मंडळाचा ग्रुप फोटो काढला होता, त्यातून मागचा पखवाजवाला, पुढचा पेटीवाला आणि कोंडीरामच्या हातातले टाळ कापून टाकले होते. उरलं होतं ते फक्त त्याचं वासलेलं तोंड. रामकृष्णहरीतल्या 'री'वर वासलेलं. खाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'वॉर्डाचा वीर हुतात्मा कोंडीराम. अखेरच्या श्वासापर्यंत संयुक्त महाराष्ट्राची घोषणा!'

खरं काय झालं होतं ते सांगायला हवं. छप्पन्नच्या जानेवारीत गोळीबार झाला त्या दिवशी कोंडीराम मोर्चात होता. मागांचं सगळं साचेखातंच गिरणीतून बाहेर पडलं होतं, त्यात तोही होता. मुंबई आपल्याला मिळायला पाहिजे असं त्याला मनापासून वाटत होतं आणि त्यासाठी ओरडायला त्याची ना नव्हती. गोळी लागली ती नडगीत. शेजारच्या एका माणसानं त्याला काखेत धरून ओढत आणलं. खाकी शर्टातला, त्याच्याच वयाचा, कधी न पाहिलेला माणूस. "पाय उचल पाव्हण्या, पाय उचल," म्हणत होता. दोघं दौलतशेटच्या दुकानापर्यंत आले आणि दौलतशेटनं आतून फळी ओढून घेतली. वरच्या गॅलरीतून शामराव नावाचे गृहस्थ भाषण करत होते, "बंधूंनो, माघार घेऊ नका!" खालून कोंडीराम ओरडला, "साहेब, जिन्याचं दार उघडा!" तेव्हा शामरावांनी आत जाऊन गॅलरीचं दार लावून घेतलं. खाकी शर्टवाला त्या बंद फळीसमोर पडला तो उठलाच नाही. त्याचं नावही कोंडीरामला विचारायचं राहून गेलं.

कोंडीराम इस्पितळातून थेट बोटीवर आणि बोटीवरून गावी गेला. वर्ष उलटलं तरी पाय काही धड होईना. इकडे लोकांनी पाहिलं होतं की त्याला गोळी लागली, आणि नंतर तो दिसला नव्हता. एवढ्यावरून जो निष्कर्ष निघतो तो निघाला.

आता निवडणुकीला उभे होते तेच दोघे. मोठ्या पक्षांचे हिशेब मोठ्यांना ठाऊक, या वॉर्डाच्या वाट्याला खरी झुंज आली ती दोन अपक्षांची. दौलतशेटची निशाणी तराजू. त्याच्या तराजूखाली चिंचेचा गोळा चिकटवलेला असतो हे सगळ्या बायकांना माहीत असल्यामुळे ही निशाणी प्रचाराला फार सोपी गेली. शामराव मूळचे ठाकूरद्वारचे, वकिलाकडे कारकून, बोलायला गोड, आणि त्यांची निशाणी शिडी. दोघंही संयुक्त महाराष्ट्रवादी होते. गिरणगावात त्या साली दुसरं काही असायची सोयच नव्हती, चोरसुद्धा संयुक्त महाराष्ट्रवादी होते.

फणस खांद्यावरून न उतरवताच कोंडीराम मांडवात शिरला. दौलतशेट गल्ल्यावरून उठला, फोटोकडे पाहिलं, कोंडीरामकडे पाहिलं आणि पुन्हा खाली बसला.

"अरे साला! तू जिवंत?"

"हां शेट."

"मग हे आधी नाय सांगायचं? पत्र टाकायला काय झालं होतं तुला?" दौलतशेट खरोखर रागावला होता. "पोस्टरं छापून झाली ना रे!"

चंपा दारातूनच म्हणाली, "जित्या माणसाच्या फोटोक हार घालतत? माझ्या कपाळार कुकू आसा अजून, दिसत नाय काय तुमका?"

"दिसतं वैनी, दिसतं. आत या, दारात नका ओरडू." दौलतशेटनं दोघांना मागच्या खोलीत गोणपाटांवर बसवलं, लेमन मागवलं आणि आवाज मऊ केला. "हे बघ कोंडीराम, मी काय मुद्दाम मारलं नाय तुला. चूक झाली. पण आता फोटो काढला तर लोक म्हणतील दौलत खोटा. निवडणूक होईस्तोवर तू जरा मेलेलाच राहा. तुझं काय जातंय?"

कोंडीरामनं विचार केला. खरं म्हणजे त्याचं बरंच काही जात होतं. तो मुंबईला आला होता कामासाठी, आणि साच्यावर उभं राहणं आता त्या पायाला झेपणार नव्हतं. विणकर चार चार साच्यांमध्ये दिवसभर उभा असतो, बसायची तिथं रीतच नाही. त्याला बसून करायचं काम हवं होतं. तसं काम वॉर्डात एकच रिकामं होतं, म्युन्सिपालटीच्या बागेच्या फाटकावरचं रखवालदाराचं. एक लाकडी स्टूल, एक शिटी आणि खाकी टोपी. ते स्टूल मिळालं नाही तर गावी परत जायचं, आणि गावी भावाच्या ताटातला भात खायचा. या विचारानं त्याला पायाच्या दुखण्यापेक्षा जास्त दुखत होतं. म्हणून त्यानं हळूच त्या स्टुलाचा विषय काढला.

"एवढंच ना?" दौलतशेट म्हणाला. "निवडून आलो की पहिली सही तुझ्या स्टुलावर. फक्त तोवर दिवसा बाहेर दिसायचं नाय."

चाळीतल्यांचं काय, असं तुम्ही विचाराल. चाळीतल्यांनी कोंडीरामला जिन्यातच ओळखलं, मिठी मारली, फणसाचे गरे खाल्ले. पण दौलतशेटनं नुकतेच चाळीचे संडास रंगवून दिले होते आणि नळाला नवी चावी बसवली होती. तेव्हा शेजारच्या खोलीतला कुशाबा, जो पखवाज वाजवायचा आणि ज्यानं तो ग्रुप फोटो दौलतशेटच्या हवाली केला होता, तो सगळ्यांच्या वतीनं म्हणाला, "कोंड्या, तू आमच्यासाठी जिवंतच आहेस रे. बाहेर कुणाला सांगायची काय गरज?" माणसं चांगली होती. नळाला पाणी यायला लागलं की माणसं चांगली होतातच.

मग कोंडीराम मेलेला राहू लागला. संडासाला जायचं तर डोक्यावरून टॉवेल. संध्याकाळी खिडकी किलकिली करून तो आपल्याच शोकसभा ऐकायचा. पहिल्या सभेत गोळी पायात लागली होती, पुढच्या सभेत मांडीत, आणि प्रचार रंगात आला तसतशी ती वर सरकत शेवटच्या सभेपर्यंत छातीत पोचली. दौलतशेट सांगायचा, "माझ्या या मांडीवर जीव सोडला पोरानं! म्हणाला, शेट, मुंबई घ्या!" खाली बायका डोळे पुसायच्या. वर चंपा भाकरी थापताना एकेका वाक्याला परातीवर एकेक थापटी जास्त मारायची. कोंडीरामला मात्र दर वेळी ती बंद फळी आठवायची, आणि फळीसमोरचा खाकी शर्ट. त्याची कुणी सभा घेत असेल का, असं त्याच्या मनात यायचं.

अशा बातम्या झाकून राहत नाहीत. मतदानाच्या आदल्या आठवड्यात शामराव स्वतः तीन जिने चढून आले. धोतराचा सोगा सावरत खाटेवर बसले आणि चष्म्यातून कोंडीरामकडे प्रेमानं पाहू लागले.

"आपण हयात आहात हे पाहून आनंद झाला," ते म्हणाले. "आणि आनंदापेक्षाही उपयोग अधिक होईल असं वाटतं. आमच्या व्यासपीठावर या. जनतेला दाखवू की दौलतशेटचा हुतात्मा चालता-बोलता आहे."

कोंडीरामचा चेहरा उजळला. जिवंत व्हायची संधी रोज येत नाही.

"पण नुसतं जिवंत असून भागणार नाही," शामराव पुढे म्हणाले. "लोक म्हणतील, मेला नाही पण गोळी तर खाल्ली. तो मान दौलतशेटकडेच जाईल. तेव्हा आपण एवढंच सांगायचं, की त्या दिवशी आपण मोर्चात नव्हताच. दौलतशेटचं दुकान लुटायला गेला होता. आपण आणि आपल्या सोबतचे ते दुसरे."

"पण मी नव्हतो गेलो लुटायला. तोपण नव्हता. त्याचा तर जीव गेला तिथं!"

"सत्य हे व्यापक असतं, कोंडीराम." शामरावांनी एक दीर्घ निःश्वास सोडला. "आणि ते बागेच्या फाटकावरचं स्टूल, ते मीही देऊ शकतो. विचार करा." उतरताना त्यांनी संडासांचा रंग पाहिला आणि रंगाची निवड फारशी सुसंस्कृत नसल्याचं कुशाबाला सांगितलं.

आता कोंडीरामपुढे निवड स्वच्छ होती. एकाकडे मरून हुतात्मा व्हायचं, दुसऱ्याकडे जगून लुटारू व्हायचं. स्टूल दोन्हीकडे तेच. इकडे आड तिकडे विहीर म्हणतात ते असं, फक्त इथं आडानं आणि विहिरीनं हात जोडून मतं मागितली होती.

"दोघांनी दारां बंद केली तुमच्या तोंडार," चंपा म्हणाली. "आता त्यातला एक बरा, ता कसा काय?"

"दगडापेक्षा वीट मऊ," कोंडीराम म्हणाला.

"कपाळार बसली काय दोनय सारखीच लागतत."

पण त्याचं मन ठरत आलं होतं, आणि त्यामागे फक्त स्टूल नव्हतं. शामरावांच्या व्यासपीठावर तो उभा राहिला असता तर तो एकटा लुटारू ठरला नसता, खाकी शर्टवालाही ठरला असता. ज्यानं आपल्याला ओढत आणलं त्याला मेल्यावर चोर म्हणायचं? त्यापेक्षा हा खोटा हार बरा. हार चुकीच्या फोटोवर असेल, पण जागा तीच होती, ती फळीसमोरची. उदबत्तीचा धूर काय फोटो बघून थोडाच जातो, असं त्यानं स्वतःला समजावलं. स्वतःला समजावण्यात गरीब माणसाचा हात कुणी धरत नाही.

मतदानाच्या दिवशी दौलतशेटचा निरोप आला, की दुपारी गर्दी ओसरली की टॉवेल घेऊन यावं. हुतात्मा झाला म्हणून मत फुकट घालवायचं नाही. शाळेच्या वर्गात केंद्र होतं. दाराशी तराजूवाल्यांचा माणूस म्हणून कुशाबा बसला होता आणि शिडीवाल्यांचा माणूस म्हणून शामरावांचा भाचा. दोघांनीही कोंडीरामला ओळखलं आणि दोघंही गप्प बसले, कारण ते मत आपलंच आहे अशी दोघांची खात्री होती. वॉर्डात सबंध दिवसात दोन्ही बाजूंचं एकमत झालं ते एवढंच.

त्या काळी कागदावर शिक्का मारायची भानगड नव्हती. पडद्यामागे बाकावर प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी, पेटीवर त्याची निशाणी चिकटवलेली. आपला कागद हव्या त्या पेटीत टाकायचा, झालं. कोंडीराम पडद्यामागे गेला. समोर तराजू आणि शिडी, आणखी कुणी नाही. त्याला वाटलं, खाकी शर्टवाल्याची एक पेटी असती तर? मग वाटलं, त्याची निशाणी काय असती? तो इतका वेळ उभा राहिला की बाहेरून अधिकारी ओरडला, "अहो, आत राहायला गेलात काय?" कोंडीरामनं डोळे मिटले, कागद तराजूत टाकला आणि सवयीनं पेटीला नमस्कार केला. नंतर त्याला त्या नमस्काराची लाज वाटली.

त्याच्यामागून चंपा गेली आणि लगेच बाहेर आली. वाटेत त्यानं विचारलं, "कुणाला घातलंस गो?"

"कोणाक नाय. दोन पेट्यांच्या मधी ठेवन इलंय."

"अगे, मग फुकट गेलं की ते!"

"माझा फुकट गेला," चंपा म्हणाली. "तुमचा खंय गेला ता बघूया."

दौलतशेट दणदणीत निवडून आला. दुसऱ्या दिवशी कोंडीराम धुतलेला सदरा घालून, टॉवेल घडी करून हातात घेऊन दुकानाच्या मागच्या दारानं गेला. दौलतशेटनं त्याला पेढा दिला. मग स्टुलाचा विषय निघताच त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याला पाणी लवकर यायचं, चाळीच्या नळापेक्षा लवकर.

"तुला कसं बसवू रे स्टुलावर? लोकांनी मतं काय मला दिली? मला कोण देतो? मेलेल्याला दिली, तुला दिली! आणि आता तू शिटी वाजवत फाटकावर बसलास तर माझी इज्जत काय राहिली? वॉर्डाची काय राहिली?"

"पण शेट, तुम्ही शब्द दिला होता."

"शब्द पाळणार. दौलत शब्दाला जागतो." त्यानं डोळे पुसले. "स्टूल तुझ्या घरातच जाईल. हुतात्म्याच्या विधवेला नोकरी! आज संध्याकाळी विजयसभा आहे, स्टेजवर जाहीर करतो. वैनींना पाठव. फक्त ते कुंकू आणि मंगळसूत्र... सभेपुरतं रे. पुढे बागेत बसताना पण जरा सांभाळायचं. घरात काय लावायचं ते लावा, मी बघायला येणार नाय."

जिने चढताना कोंडीरामला या गोष्टीचा संताप यायला हवा होता. पण दुसऱ्या मजल्यावर दम खायला थांबला तेव्हा आपण मनात हिशेब करतोय हे त्याच्या लक्षात आलं. कुंकू काय, चिमूटभर पूड. स्टूल लाकडाचं, कायमचं. पुन्हा दगड आणि वीट. एकदा निवडायची सवय लागली की माणूस निवडतच सुटतो. त्यानं चंपाला सगळं सांगितलं, आणि शेवटचं 'सभेपुरतंच' हे मात्र भिंतीकडे बघून सांगितलं.

चंपा उठली. भात चुलीवर चढवला, हात धुतले, ठेवणीतलं हिरवं लुगडं काढलं आणि आरशासमोर बसली. ती बाहेर आली तेव्हा तिच्या कपाळावर बंद्या रुपयाएवढं कुंकू होतं. कोंडीरामनं तोंड उघडलं, तिनं त्याच्याकडे एकदा पाहिलं, आणि त्यानं ते मिटलं. मग डोक्यावर टॉवेल घेऊन तो गुपचूप तिच्या मागोमाग निघाला.

सभा भरगच्च होती. स्टेजवर तसबीर, तसबिरीला ताजा हार. दौलतशेटनं माइक धरला. "आता मी या वॉर्डाच्या वीरपत्नीला बोलावतो. जिचं कुंकू या महाराष्ट्रासाठी पुसलं गेलं..." आणि चंपा पायऱ्या चढून वर आली. पेट्रोमॅक्सच्या उजेडात ते कुंकू शेवटच्या रांगेतल्यालाही दिसलं. लोक कुजबुजायला लागले. दौलतशेट हळूच म्हणाला, "वैनी, काय ठरलं होतं?"

चंपानं त्याच्याकडे लक्षच दिलं नाही. ती सरळ तसबिरीपाशी गेली, हार उतरवला, दोन्ही हातांनी नीट पसरला आणि दौलतशेटच्या गळ्यात घातला.

स्टेजवर कुणाच्या गळ्यात हार पडला की टाळ्या वाजवायच्या, ही लोकांची सवय. टाळ्यांचा कडकडाट झाला. दौलतशेट पांढराफटक पडला. मेलेल्याच्या फोटोवरचा हार आपल्या गळ्यात आलाय हे त्याला कळलं होतं, आणि समोर वॉर्ड टाळ्या वाजवत असताना तो काढताही येत नव्हता. त्याचा हात हाराकडे गेला की टाळ्या वाढायच्या. शेवटी त्यानं हात जोडले.

चंपानं तसबीर काखोटीला मारली, स्टेजच्या कडेला आली आणि गर्दीत मागे उभ्या असलेल्या टॉवेलकडे बोट दाखवून खणखणीत आवाजात म्हणाली, "अवो, डोक्यावरचो टॉवेल काढा. चला घराक, भात निवता."

कोंडीरामनं टॉवेल काढला. एवढ्या लोकांसमोर, एवढ्या दिवसांनी, त्याच्या उघड्या डोक्याला वारा लागला. ज्या बायकांनी त्याच्यासाठी डोळे पुसले होते त्यातली एक किंचाळली, एक हसायला लागली, आणि मग हसणं पसरत पसरत स्टेजपर्यंत गेलं. टाळ्या अजून वाजतच होत्या. त्या कुणासाठी होत्या हे आता सांगणं कठीण होतं.

गर्दीतून वाट काढत शामराव त्यांच्या मागे धावत आले. चेहऱ्यावर दिवाळी होती. "वहिनी, वा! काय धैर्य! पुढच्या खेपेला आमच्या व्यासपीठावर यायचं बरं का."

चंपा थांबली. तिनं शामरावांना मानेपासून खांद्यापर्यंत नीट न्याहाळलं. "येतंय तर," ती म्हणाली. "तुमच्या गळ्याचा माप घेवन ठेवतंय."

घरी येऊन कोंडीरामनं चौकटीतून आपलं वासलेलं तोंड काढून घेतलं आणि कुशाबाला देऊन टाकलं. रिकामी चौकट खिळ्याला तशीच राहिली. चंपा सणासुदीला तिला एक फूल वाहायची. कुणाला, ते दोघांनाही ठाऊक होतं, नाव मात्र ठाऊक नव्हतं.

स्टूल दौलतशेटच्या मेव्हण्याला मिळालं. कोंडीराम सोमवारपासून पुन्हा साचेखात्यात बदलीवर उभा राहू लागला. पाळी सुटून आला की तो पाय पाटावर ठेवून कण्हायचा आणि चंपा खोबरेल चोळायची.

"लय दुखतो गो," तो म्हणायचा.

"दुखतलोच," चंपा म्हणायची. "मेलेल्याचो दुखणा नाय."